टेकाडावर वाढलेलं पान

वडील वारले तेव्हा आमचे पासपोर्ट न्यूझीलंडच्या रेसिडेन्सीच्या अर्जासोबत जमा होते. मी एकुलती एक मुलगी, पण पुण्यात अग्नी चुलतभावानं दिला. मी टौरंगा शहरातल्या फार्मसीत उभी राहून लोकांची औषधं काढून देत होते आणि घरी आल्यावर कॉलिंग कार्डावरून आईचं रडणं ऐकत होते. काही महिन्यांनी रेसिडेन्सी मिळाली. गावाबाहेर, किवीच्या बागांना लागून आम्ही घर घेतलं. सगळ्यांनी अभिनंदन केलं. मला मात्र त्या घराचा रागच यायचा.

पहिल्या पितृपक्षात मी हट्टाला पेटले. भाजणीचे वडे, खीर, सामोअन दुकानातून आणलेल्या अळूचं फदफदं, सगळं केलं.

"अगं, इथे कावळे कुठे आहेत?" नवरा म्हणाला.

"मॅगपाय आहेत ना heaps, कावळ्यासारखेच. ॲडजस्ट करतील."

तो हसला, मी नाही. इच्छा राहिलेली असली की पक्षी घासाला शिवत नाही, असं आमच्याकडे म्हणतात. बाबांची कोणती इच्छा राहिली होती हे मला चांगलं ठाऊक होतं.

परसाच्या टोकाला मोठ्या झाडाखाली एक टेकाड होतं. पक्षी तिथेच जमायचे, म्हणून मी पान तिथे नेऊन ठेवलं आणि लांब उभी राहिले. पक्षी झाडावर बसून राहिले. खाली एकही उतरेना.

तेवढ्यात शेजारची म्हातारी माओरी बाई कुंपणाशी आली. एरवी लांबूनच "किया ओरा" म्हणून हात करायची. आज तिनं थेट पानाकडे बोट दाखवलं.

"ते अन्न तिथून उचल. आत्ता."

माझं डोकंच फिरलं. "ही आमची जागा आहे," मी म्हणाले.

ती कुंपणाला धरून उभी राहिली. मग तिने सांगितलं. त्या टेकाडाखाली तिच्या पणजोबांचे दोघे भाऊ पुरलेले होते. जमिनीसाठी गोऱ्या सैन्याशी झालेल्या लढाईत पडलेले. लढाई संपल्यावर सरकारनं जमीन काढून घेतली आणि वसाहतवाल्यांना वाटली. भावांशेजारी लढाईआधीपासून इथे राहणाऱ्या एका गोऱ्याची बायको होती. लढाईतून पळताना दोन्हीकडच्या गोळीबारात सापडली होती. तिलाही म्हातारीच्याच लोकांनी पुरलं. तिच्या माहेरचं कुणी कधी आलं नाही.

"आमच्यात मृतांजवळ अन्न नेत नाहीत," ती म्हणाली.

"आमच्यात मृतांनाच वाढतात," मी म्हणाले, आणि पान उचललं. वडे जसेच्या तसे होते. ती आत आली, नळाचं पाणी ओंजळीनं त्या जागेवर शिंपडत हलक्या आवाजात प्रार्थना म्हणाली. मग विचारलं, "कोणासाठी होतं?"

"वडिलांसाठी. मला जाता आलं नाही."

तिनं माझा हात धरला, बराच वेळ सोडला नाही. मला फार लाज वाटत होती, आणि बाबांची सारखी आठवण येत होती.

निघताना ती फाटकापाशी घुटमळली. "आधीचा मालक इथे कुलूप लावायचा," ती खाली बघत म्हणाली. "मी अधूनमधून आले, तर तुला चालेल का?"

स्वतःच्या माणसांना भेटायला ती माझी परवानगी मागत होती.