दुपारच्या सिनेमातला बर्फ

डिसेंबरच्या दुपारी मावशी मटार सोलता सोलता टीव्हीवर नाताळचा सिनेमा बघते. सिनेमा परदेशी, बोलणं हिंदी आणि गोष्ट दरवर्षी तीच: शहरातली मुलगी सुटीत गावी येते आणि तिथल्या बेकरीवाल्याच्या प्रेमात पडते.

"शेवट माहीत असतो, तरी बघतेस?" मी विचारलं.

"माहीत असतो म्हणूनच बघते गं."

खरंच, त्या गावात बर्फ अगदी वेळेवर पडतो, गाडी हवी तेव्हाच चुकते आणि माणसं एकमेकांकडे पोटभर बघतात. आपल्याकडे किती जणींच्या वाट्याला तेवढं बघणं आलं असेल? पडद्यावर ते दोघं समोरासमोर आले आणि मावशीच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"मला बघायला आले तेव्हा मी मान वर केलीच नाही," ती म्हणाली. "पोहे दिले आणि ह्यांचे मोजे तेवढे बघितले."

काका शेजारीच पेपर वाचत होते. पेपर न हलवता ते म्हणाले, "डाव्याला भोक होतं. तुला दिसू नये म्हणून पाय खुर्चीखाली घेतला होता."

मावशीनं हात पदराला पुसले आणि काकांच्या तोंडासमोरचा पेपर हळूच खाली केला.

पडद्यावरचा बर्फ बघायला मी एकटीच उरले.