लक्ष्मीबाईंचा कॅन

लक्ष्मीबाईंनी तीस वर्षं कळंबजवळच्या एका दवाखान्याच्या फरशा पुसल्या. बादलीत टोपणभर फिनेल टाकलं की पाणी दुधासारखं पांढरं होतं, आणि तसं झालं की काम चोख, एवढं त्यांना पक्कं ठाऊक. म्हणून बारामतीच्या कॉलेजात संशोधन करणारी अंजली त्यांची दिवसभराची लघवी न्यायला आली, तेव्हाही त्यांनी आपल्या परीनं काम चोखच केलं.

अंजलीनं बर्फाच्या पेटीतून तो कॅन एसटीनं बारामतीला आणला. प्रयोगशाळेत उघडला, तर आत सगळं पांढरं आणि तळाशी फाटलेल्या दुधासारख्या गुठळ्या.

हाडांतल्या कॅन्सरमुळे लक्ष्मीबाईंच्या लघवीतून एक प्रथिन वाहून जात होतं. ते वेगळं काढायचं, जाळीदार पिशवीत भरून ठरलेल्या मिठाच्या पाण्यात ठेवायचं, पाणी तीनदा बदलायचं, सेंट्रिफ्यूज यंत्रात गरगर फिरवून गुठळ्या खाली बसवायच्या, मग वरच्या पाण्याचा थेंब इंदूरच्या मोठ्या यंत्रातल्या क्ष-किरणांसमोर धरायचा. किरण किंचित विखुरतात, त्यावरून प्रथिनाचा आकार कळतो. पण एक गुठळी राहिली, तरी तिच्यापुढे बाकीचं काही दिसत नाही. इंदूरच्या त्या यंत्रावर वर्षातून एकदाच वेळ मिळायची आणि ती दोन आठवड्यांवर आली होती.

हे सगळं अंजलीला पाठ होतं. संमतीचा कागदही तिनंच वाचून दाखवला होता, एक ओळ सोडून. 'या संशोधनाचा आपल्या उपचारांना उपयोग होणार नाही.' तेव्हा म्हातारी इतकी टक लावून ऐकत होती, की अंजलीचा डोळा त्या ओळीवरून घसरला. घसरला, असं ती स्वतःला सांगायची.

ती पुन्हा कळंबला गेली. लक्ष्मीबाई ओट्यावर बसल्या होत्या, पाय सुजलेले.

"आजी, कॅनमध्ये काही टाकलं होतं का?"

"फिनेल. टोपणभरच." त्या लाजल्या. "यष्टीत तुज्या मांडीवर माजं मूत. वास आला तर मानसं काय म्हनतील? लगीन व्हायचंय तुजं अजून."

अंजलीला हसू आलं आणि लगेच विरलं. "आता काही घालू नका. अजून एकदा हवंय."

"दीन की. लई येत न्हाय आता, पन दीन. त्यावरनंच अवशीद ठरायचं नव्हं माजं?"

अंजलीनं पिशवीतून कागद काढला आणि ती ओळ वाचली.

लक्ष्मीबाई पायाची सूज बोटानं दाबत राहिल्या. बोट उचललं तरी खळगा तसाच राहायचा.

"मग उपेग कुनाला?"

"पुढं कुणाला तरी. होईलच, असंही नाही."

"लई खरं बोलाया लागलीस आज." मग आवाज उतरवून म्हणाल्या, "माज्या साहेबूला सांगू नगंस. कारखान्यातनं रजा काढून तो कॅनासाठी बर्फ आनतोय. त्येला वाटू दे."

दुसऱ्या दिवशी त्यांच्या मुलानं, साहेबरावांनी, कॅन एसटी स्टँडवर आणून दिला. अर्धाच होता. सोबत निरोप होता, "आत कायबी न्हाय. वास आला तर माजाच."

नऊ दिवसांनी अंजलीनं शेवटच्या वेळी ते प्रथिन सेंट्रिफ्यूजमध्ये फिरायला लावलं आणि फोन वाजला.

"मॅडम, आई गेली सोमवारी," साहेबराव म्हणाले. "रिपोर्ट आला का वो? आता उपेग न्हाय, पन इचारतो. मी कॅन एक दिस आधी पोचीवला असता, तर वाचली असती का?"

त्याला वाटू दे, असं लक्ष्मीबाई म्हणाल्या होत्या. पण आता साहेबरावांना दुसरंच वाटत होतं.

"नाही, दादा. त्याचा औषधाशी संबंधच नव्हता. कागदावर तसं लिहिलं होतं."

"कागद तर तुमीच वाचला व्हता."

"हो."

"ही वळ न्हाय वाचली."

"नाही."

पलीकडे कुणीतरी भांडी घासत होतं.

"रविवारी आईच्या नावानं पुण्यानुमोदन हाय," साहेबराव शेवटी म्हणाले. "कुनाकुनाला सांगायचं, त्यात आई तुमचं नाव सांगून गेली. म्हनून सांगितलं." फोन बंद झाला.

सेंट्रिफ्यूज थांबलं होतं. अंजलीनं नळी उजेडात धरली. तळाशी काहीच बसलं नव्हतं, सगळं नितळ. नियमाप्रमाणे तिनं नळीवर नाव न घालता आकडा लिहिला आणि ती बर्फात ठेवली.

इंदूरची गाडी रविवारचीच होती.