वेदीचा पाव

थोमाईसच्या हातचा पाव चर्चच्या वेदीवर प्रसादासाठी चढायचा. याचा तिला गर्व होता आणि तो ती लपवतही नसे. नवरा गेल्यापासून वीस वर्षं तिने दुसरं काही केलंच नव्हतं. पीठ चाळायचं, कालच्या खमिराचा गोळा त्यात मळायचा, पाव फुगू द्यायचा आणि वर क्रुसाचा लाकडी ठसा दाबायचा. एवढ्यावर तिने एकुलत्या एका मुलाला, स्तमातिसला, शिकवून पाद्री केलं.

ती ज्या रोमी साम्राज्याची प्रजा होती, ते तिच्या आजीच्या आजीपासूनच आटत चाललं होतं. एके काळी इथला हुकूम पार इजिप्तपर्यंत चालायचा म्हणे. आता तो शहराच्या तटाबाहेर फारसा चालत नव्हता, आणि तटाच्या आत निम्म्या शहरात बार्लीची शेतं होती. तरी लोक स्वतःला रोमीच म्हणवत आणि अकराशे वर्षांचा ताठा काही सोडत नसत. थोमाईस त्यांच्यातलीच.

म्हणून डिसेंबरात जे झालं ते तिला सोसलं नाही. तुर्क चालून येणार, कुमक हवी, म्हणून सम्राटाने दोन्ही पंथांचं चारशे वर्षांचं भांडण मिटवून पोपशी समेट केला आणि सोफियाच्या थोरल्या चर्चमध्ये पोपचं नाव घेऊन प्रार्थना झाली. पोपची माणसं वेदीवर बेखमीर भाकर ठेवतात. खमीर नाही तिच्यात जीव नाही, ती मेलेली भाकर, असं थोमाईस जन्मभर ऐकत आली होती. सगळ्या शहराने त्या चर्चकडे पाठ फिरवली. आणि त्या दिवशी वेदीशी जे पाद्री उभे होते, त्यांत स्तमातिस होता.

तिने त्याच्याशी बोलणं टाकलं, पाव देणंही बंद केलं. तो दोनदा दारात येऊन उभा राहिला, तिने कडी काढली नाही. पाच महिने असे गेले. त्यातले शेवटचे सात आठवडे तर शहराला वेढा होता. तोफ सुटली की घरातली मडकी हलायची, आणि तिचा मुलगा रोज जखमींसाठी तटावर जातो हे तिला शेजारणींकडून कळायचं. रात्रभर तिच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता.

मे अखेरच्या सोमवारी सकाळी सून आली, कालो.

“आई, उद्या मोठा हल्ला आहे. संध्याकाळी थोरल्या चर्चमध्ये सगळे जमणार, आपले आणि पोपचेही. तिथून हे थेट तटावर जातील, मरणाऱ्यांना प्रसाद द्यायला. पाव कमी पडतोय.”

“मग त्यांची बेखमीर आहे की. ती वाढा म्हणावं.”

“तसंच करतील,” कालो म्हणाली. “तुमच्या मुलाच्या हातात उद्या तीच असेल. मग मला बोल लावू नका.”

ती गेली. मग थोमाईसने पिठाचं शेवटचं गाडगं पालथं केलं.

पण मळलेलं पीठ फुगेना. सरपण भाजण्यापुरतंच उरलं होतं, घर गार पडलं होतं, आणि गोळा दुपार कलली तरी तसाच. तिने तो कापडात गुंडाळून पोटाशी धरला आणि तोफेचे आवाज मोजत बसली. अखेर तो फुगला. पाव भाजून टोपलीत घातले, तेव्हा शेजारच्या मठातली म्हातारी जोगीण माक्रिना वाट अडवून उभी राहिली.

“चाललीस का बाटायला?”

“हो,” थोमाईस म्हणाली. “सर बाजूला.”

चर्चमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. पाच महिने या दाराला न शिवलेले लोक रडत रडत रांगेत उभे होते. टोपली कालोने वेदीकडे नेली. थोमाईस स्तमातिसच्या रांगेत लागली. त्याच्या शेजारी पोपचा एक पाद्री उभा होता. त्याला पाहून परत फिरावं असं तिला दोनदा वाटलं. मागच्या माणसांनी तिला पुढे ढकललं.

स्तमातिसने मान वर केली. किती वाळला होता. त्याने चमचा पुढे केला, वाइनमध्ये भिजलेला पाव तिला भरवला आणि लाल फडक्याने तिची हनुवटी पुसली. तिला म्हणायचं होतं, बाळा, तटावर जाऊ नकोस. आणि जाणारच असशील तर माझ्यावर राग ठेवून जाऊ नकोस. पण प्रसाद तोंडात असताना बोलायचं नसतं. तिने ओठ मिटले. ती दोन पावलं सरकली, घास घशाखाली उतरवला आणि वळली, तर मध्ये माणसांची भिंत झाली होती. तिने हाक मारली. इतक्या रडण्यात ती कोणाला ऐकू जाणार?

मंगळवारी पहाटे तट पडला. त्याच्याबरोबर साम्राज्य गेलं आणि स्तमातिसही.

थोमाईस तुर्कांच्या एद्रिने शहरात गुलामांच्या बाजारात विकली गेली आणि तिथेच एका घरी पीठ मळत म्हातारी झाली. शहर कसं पडलं, असं कोणी विचारलं तर ती म्हणायची, “ते शिपायांना विचारा. मला एक घास गिळायला उशीर झाला, एवढंच मला ठाऊक आहे.”