एकट्या मादीची पिल्लं

पिरंगुटच्या अलीकडे पौड रस्त्याला उतरा आणि टपरीवाल्याला विचारा, "नथूआबा कुठं राहतात?" तो डोकं खाजवेल. पण "कबूतरवाले कुठं राहतात?" असं विचारलंत, तर चहा गाळता गाळताच तो एका स्लॅबच्या घराकडे बोट दाखवील. तिथं खालच्या खोल्या कंपनीतल्या पोरांना भाड्यानं दिलेल्या, वरच्या मजल्यावर आबांचा संसार, आणि त्याच्याही वर, पाण्याच्या टाकीला लागून, कबुतरांची ढाबळ. म्हणजे घरातली सगळ्यात हवेशीर जागा कुणाला, तर पाखरांना! आबांची बायको धोंडाबाई हे येईल त्याला ऐकवते. आबांना ते आपलं कौतुकच वाटतं.

कंपनीतून रिटायर झाल्यापासून आबांचं कबुतरांविषयीचं ज्ञान नुसतं उतू चाललं होतं. त्यातही जोड लावण्यात आपला हात धरणारा तालुक्यात कुणी नाही, असं त्यांचं ठाम मत. एका खोक्यात मधोमध जाळी लावायची, एका बाजूला नर, दुसऱ्या बाजूला मादी. दोघांनी एकमेकांची तोंडं बघितली, नर घुमायला लागला, मादीनं मान हलवली, की काढायची जाळी. "मी लावल्याला जोड तुटत न्हाई," असं ते छातीवर हात मारून सांगत.

एक मात्र तुटला होता, आणि तो नेमका पोटच्या पोरीचा. रेश्माचं लग्न आबांनीच पुढं होऊन जमवलं होतं. जावई दिसायला राजबिंडा, बोलायला गोड. पण लग्नानंतरही गडी घुमतच राहिला, आणि तेही दुसऱ्याच दारात! शेवटी रेश्मानं रीतसर सोडचिठ्ठी घेतली आणि तान्ह्या गौतमीला कडेवर घेऊन ती माहेरी आली. त्या दिवशी आबा संध्याकाळपर्यंत ढाबळीतून खाली उतरले नाहीत.

बाळ बसायला लागलं, तसे धोंडाबाईचे भाऊ वाल्मीकमामा मुठा गावाहून स्थळ घेऊन आले. दिग्विजय नाव. घरची शेती, वर शनिवार-रविवारच्या बंगलेवाल्यांच्या बागांची देखभाल. त्याचंही पहिलं लग्न मोडलेलं, पण माणूस निर्व्यसनी. अट एकच, आणि ती त्याच्या आईची: बाळ आजोळी ठेवून यायचं.

"मग मला लग्नच नको," रेश्मा म्हणाली. "पॅकिंगला बाया घेत्यात कंपनीत. मी जाईन कामाला. हिला मी एकटी वाढवीन."

"एकटी?" आबा उसळले. "अगं, नर गेला की एकटी मादी पिल्लं जगवत न्हाई. जल्म गेला माझा ह्यात!"

"आबा, मी कबूतर न्हाई."

"कबूतर परवडलं. ते ऐकतं तरी!"

रेश्मा बाळाला घेऊन आत गेली. धोंडाबाईनं नवऱ्याकडे असं बघितलं की त्यांना चहा कडू लागला. आबा काही दगडाच्या काळजाचे नव्हते. नातीवर त्यांचा जीव होता. पण आपण गेल्यावर ह्या पोरीच्या मागं कोण, ह्या विचारानं त्यांना झोप लागत नसे. म्हणून त्यांनी पोरीला न विचारताच मामांना कळवून टाकलं, की रविवारी मंडळींना घेऊन या, पोरगी तयार होईल.

आणि त्याच आठवड्यात ससाण्यानं तांबडीचा नर उचलला.

तांबडी म्हणजे ढाबळीतली आबांची लाडकी मादी. तिच्या खणात दोन पिल्लं होती, अंगावर पिसांचे काटे नुकते फुटत होते. आबांनी वेळ घालवला नाही. नर गेला की पिल्लं दुसऱ्या जोडीखाली सारायची, हा त्यांचा नेम. शेजारच्या खणातल्या जोडीलाही पिल्लं होती. ती जरा थोराड होती खरी, पण एवढं कोण बघतंय! तांबडी दाणे टिपायला खाली उतरली, तेवढ्यात आबांनी तिची पिल्लं उचलून तिकडं ठेवली.

"कशाला तिची लेकरं हलवताय?" कपडे वाळत घालायला आलेल्या धोंडाबाईनं विचारलं.

"तुला काय कळतंय ह्यातलं? भाकरी बघ जा."

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा वर गेले, शेजारच्या खणात वाकले आणि त्यांनी धोंडाबाईला हाक मारली. थोराड पिल्लांनी सगळा चारा ओरबाडला होता. तांबडीच्या पिल्लांच्या गळ्याखालच्या पिशव्या रिकाम्या लोंबत होत्या. शेजारच्या नरानं परकी म्हणून एकाच्या टाळक्यात चोची मारून रक्त काढलं होतं. आणि तांबडी? ती आपल्या रिकाम्या खणात बसून होती. खाली बाजरी पडलेली, पण बाईनं कणाला चोच लावली नव्हती.

हाक ऐकून धोंडाबाई हळदीचा डबा घेऊनच वर आली. पिल्लाच्या जखमेवर हळद दाबता दाबता ती म्हणाली, "अवो, एकटीला झेपंल का न्हाई, हे तुमी तिला तरी इचारायचं व्हतं."

आबांनी दोन्ही पिल्लं ओंजळीत घेतली आणि तांबडीच्या खणात ठेवली. ती तशीच उठली, खाली उतरली, भराभरा दाणे टिपले, पाणी प्यायली आणि परत येऊन पिल्लांच्या चोची आपल्या चोचीत घेतल्या. मग पुन्हा खाली, पुन्हा वर. स्वतःसाठी थांबणं नाहीच.

आबा पालथ्या बादलीवर बसून बघत राहिले. नर होता तेव्हा तो दिवसा पिल्लांपाशी असायचा. तेवढ्यात तांबडी पोटभर खायची, पंख झटकून उन्हात बसायची. आता तिला कुणी सोडवायला नव्हतं. वाढवायला ती कुठंच कमी पडत नव्हती. तिला फक्त निवांत घासभर खायला मिळत नव्हतं, एवढंच! आबांना स्वतःची लाज वाटली. त्यांनी उठून दाण्याची वाटी तिच्या चोचीजवळ आणून ठेवली, शेजारी पाणी ठेवलं आणि ऊन लागू नये म्हणून खणावर पोतं टांगलं. तांबडीनं आधी त्यांच्या हातावर एक टोचा मारला आणि मग ती खायला लागली.

दोनचार दिवसांत दोन्ही पिल्लांनी पिसं धरली. टाळक्यावरच्या हळदीमुळं त्यातलं एक तर नवरदेवासारखं दिसत होतं.

रविवारी मंडळी आली. पोहे झाले. मामांनी घसा साफ केला. "मग बाळाचं ठरल्याप्रमाणं..."

"काय ठरलं न्हाई," आबा म्हणाले. "मी पोरीला न इचारता बोललो, माझं चुकलं. बाळ आईपाशीच ऱ्हाईल. तसं पटत आसंल तर बोलू, न्हाईतर चहा घ्या."

दारात उभ्या रेश्मानं एकदम वर बघितलं. दिग्विजयनं आपल्या आईकडे पाहिलं. आईनं कप खाली ठेवला.

"दाजी, एकटी बाई कशी वाढवंल?" मामा कळवळून म्हणाले.

"वाढवती," आबा म्हणाले. "आपण तिचं लेकरू उचलून दुसऱ्याच्या खणात ठिवलं न्हाई, म्हंजे वाढवती."

मामांना त्यातलं ओ की ठो कळलं नाही. मंडळी चहा घेऊन गेली.

रेश्मा कंपनीत जायला लागली. धोंडाबाईला भाडेकरू पोरांच्या डब्यांतून मान वर करायला फुरसत नसते. त्यामुळं हल्ली टपरीवर आबा दिसतात ते खांद्यावर गौतमी आणि सदऱ्याच्या खिशात दुधाची बाटली घेऊन. पहिल्या दिवशी त्यांनी लंगोट उलटा बांधला, त्याचा परिणाम सगळ्या सदऱ्यावर दिसला, आणि टपरीवाल्यानं तो गावभर केला.

"काय आबा, लेकीनं नात तुमच्यावर सोपवली म्हणायची!"

"येडा हायेस का? लेकरू तिचं हाय, तीच वाढवतिया," आबा म्हणाले. "मी नुसता दिवसपाळीला हाय."

संध्याकाळी कंपनीची बस रेश्माला सोडून जाते. एके दिवशी तिनं दारात चप्पल काढल्या काढल्या बाळासाठी हात पुढं केले. आबांनी गौतमीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

"आधी जेव. गरम हाय तवर."

"आबा, दिवसपाळी संपली की तुमची!" टपरीवरचं बोलणं तिच्या कानावर आलं होतं.

"ओव्हरटाइम," आबा म्हणाले आणि बाळाला घेऊन अंगणात गेले.

रेश्मा हातपाय धुऊन मांडी घालून बसली आणि कितीतरी महिन्यांनी, मध्ये एकदाही न उठता, पोटभर जेवली.