बाळाच्या झोपेचा पहारा

"ए कांदेवाल्या, भोंगा बंद कर रं! आत पोरगा झोपलाय!" कांद्याचा टेंपो दिसला की लोधिवलीच्या आमच्या घराच्या ओट्यावरून फुटलेली बाबांची ती आरोळी अजून माझ्या कानात घुमते, कारण तिने हायवेवरचे कंटेनर जागीच ब्रेक मारायचे आणि आमचं महिन्याचं बाळ किंचाळत उठायचं. बायकोने आणि मी शेवटची झोप बहुधा मागच्या जन्मी काढली होती. ओव्याच्या धुरीने भरलेल्या त्या घरात ती भात वाढतानाही पेंगायची. आणि नातवाची झोप मोडू नये म्हणून बाबा काठी घेऊन ओट्यावर पहारा द्यायचे! त्या दुपारी बायको रडतं बाळ घेऊन बाहेर आली, ते बाबांच्या मांडीवर ठेवलं, "मामा, आता वरडा," एवढंच म्हणाली आणि आत जाऊन पडली. मीही आडवा झालो. उठलो तेव्हा ऊन उतरलं होतं. बाळ मांडीवर गाढ झोपलेलं, बाबा घामाने निथळत, पाय बधिर झाले तरी दगडासारखे बसलेले, आणि शेजारची बकरी त्यांच्या खांद्यावरचा टॉवेल अर्धा खाऊन उरलेला चघळत होती. आज माझ्या पायाला साध्या मुंग्या आल्या तरी मी घर डोक्यावर घेतो. "बाबा, हाक का नाय मारली?" मी विचारलं. ते पुटपुटले, "मारली असती तर उठला असता."