शून्यावरचा काटा

गंगापूर रोडच्या पुढे, शहर संपून द्राक्षबागा लागतात तिथल्या एका वायनरीत मामा हंगामात टाक्या धुवायला जायचा. त्या दिवशी मी गेटवर कामगार सुरक्षेची पत्रकं वाटत होते. मामाचा डबा घरी राहिला होता, तो हातात होता म्हणून वॉचमनने आत सोडलं. एरवी पत्रकवाल्यांना तिथे पाणीसुद्धा विचारत नाहीत.

आंबलेला रस काढून टाकी नुकतीच रिकामी केली होती. वरचं झाकण उघडं, शिडी लावलेली, मामाचा एक पाय आत. खाली इस्त्रीच्या शर्टातल्या मॅनेजरने प्रेशरच्या काट्यावर टिचकी मारली. "शून्य. गॅस गेला. उतरा मामा."

धुण्याआधी काटा मोठ्याने वाचायचा, हा तिथला रिवाज. यालाच ते सुरक्षा म्हणत.

"झाकण उघडं असलं की काटा शून्यच दाखवणार," मी म्हणाले. "आमच्या मोरीतल्या बादलीला लावा, तिथेही शून्य."

"मॅडम, तुमचं शिक्षण?"

"बारावी सायन्स. हे अकरावीत येतं."

मिश्रणातल्या प्रत्येक वायूचा आपापला दाब असतो. काट्याला कळते ती फक्त बेरीज. रस आंबताना निघालेला कार्बन डायऑक्साइड तळाशी साचून राहिला की प्राणवायूचा वाटा घटतो, बेरीज तीच राहते. आणि माणूस बेरजेवर श्वास घेत नाही. एवढंच मी सांगितलं. मॅनेजर मोबाइल बघत होता.

"ए बाई, भाषण गेटवर दे," मामा वरून म्हणाला. "मला उद्या बी यायचंय हितं."

मी शिडी चढले आणि त्याचा बाहेरचा पाय घोट्याशी धरला.

"सोड, पडंन मी."

"पडायचं तर इकडे पड. साहेब, मीटर आणा."

प्राणवायू कमी पडला की वाजणारा गॅस मीटर तिथे होता. ऑफिसच्या कपाटात, प्लास्टिकसकट. तपासणीवाले आले की टेबलावर मांडायचा, गेले की कुलूप. दोरीला बांधून आत सोडला, तर निम्म्यावरच किंचाळायला लागला.

"खराब असेल," मॅनेजर म्हणाला.

बाहेर काढला, गप्प. पुन्हा सोडला, पुन्हा किंचाळला. मामाने आतला पाय बाहेर घेतला.

घरी जाताना तो स्कूटरवर माझ्या मागे बसला. गेट मागे पडल्यावर म्हणाला, "परवा शेजारच्या टाकीत डोकं लय गरगरलं व्हतं. साहेब म्हणले, ऊन लागलं."

स्टीलच्या टाकीच्या तळाशी, ऊन.