आफ्रिकेहून आलेली पावलं

शिमग्यात पालखी कुणाच्या घरी न्यायची, ते देवळातल्या बैठकीत ठरत होतं. मी हात वर केला, तर मानकरी म्हणाले, "बाई, तुम्ही बाहेरच्या. मूळच्यांना बोलू द्या." या गावच्या शाळेत मी वीस वर्षं शिकवत होते.

त्याच सकाळी सहावीच्या फळ्यावर मी आफ्रिकेतून निघालेल्या माणसांचा बाण काढला होता, समुद्राच्या कडेकडेने थेट आपल्या किनाऱ्यापर्यंत. मी उठून उभी राहिले. म्हटलं, "इथं मूळचं कुणीच नाही. सगळे आफ्रिकेतून पायी आले. तुमचे पूर्वज जरा आधी पोचले, एवढंच."

"आमचं घराणं या कातळाइतकं जुनं आहे," मानकरी म्हणाले.

"कातळातून माणूस उगवत नाही," मी म्हटलं आणि खाली बसले.

माझं घर यादीत आलं नाही. पालखीच्या दिवशी मी फाटकापासून दारापर्यंत रांगोळीने पावलं काढली. लक्ष्मीची चिमुकली नव्हे, चालून चालून भेगाळलेली, मोठी. पालखी शेजारी जाताना मानकरी फाटकाशी थबकले.

"ही कुणाची?"

"तुमच्या सगळ्यात जुन्या आजीची," मी म्हटलं. "ती आत येऊन बसली आहे. तुम्ही व्हा पुढे."